शिंपले ओळखायला शिकायचंय? मासळी बाजारातून सुरुवात करा

शिंपल्यांचा नाद लावून घ्यायला मालवण किंवा अलिबाग गाठायची गरज नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, बेलापूर यांपैकी कुठेही राहत असाल तर चार-पाच जाती मासळी बाजारातून तुमच्या पिशवीत येऊ शकतात, आणि ओळखायला शिकण्यासाठी तेवढ्या पुष्कळ झाल्या. किनाऱ्यावर जाऊन वेचणं ही पुढची पायरी. नवखी मंडळी नेमकं उलटं करतात. एखाद्या रविवारी पिशवीभर शिंपले आणतात, काचेच्या बरणीत भरून टीव्हीशेजारी ठेवतात, आणि सहा महिन्यांनी त्यातला कुठला कुठे सापडला हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही.

माझा सगळा भर दोन सवयींवर आहे. शिंपला आतून वाचायचा, आणि त्याच्यासोबत ठिकाणाची चिठ्ठी ठेवायची. बाकीचं हळूहळू जमत जातं.

कशाला शिंपला म्हणायचं

मऊ अंगाचा प्राणी, त्याच्या दोन बाजूंना दोन झडपा, आणि वरच्या कडेला त्यांना जोडणारी बिजागरी: हा बायव्हाल्व्ह. तिसऱ्या, खुबे, कालवं, शिणाणे सगळे यात येतात. शंख, कवडी, गोगलगाय यांचं कवच एकच, म्हणून ते वेगळे. खडकांवर आणि जेट्टीच्या खांबांवर चिकटलेले पांढरट, ओरबाडणारे सुळके म्हणजे बार्नेकल. ते खेकडे-कोळंबीच्या गोतावळ्यातले, शिंपल्यांशी त्यांचं काही नातं नाही. उलट लाकडी होडीच्या फळ्या पोखरणारा टेरेडो दिसतो अळीसारखा, पण तो अस्सल बायव्हाल्व्ह. त्याच्या दोन झडपा डोक्याशी इवल्याशा उरल्यात आणि लाकूड किसण्याचं काम करतात.

पहिली पायरी: बाजार

बेलापूरजवळचं दिवाळे गाव, वाशी गाव, ठाण्यातले चेंदणी आणि महागिरी कोळीवाडे. यांतलं जे जवळ असेल तिथे सकाळी जा. तिसऱ्या वाट्यावर मिळतात. शिणाणे कधी असतात, कधी नसतात. कालवं बहुतेक वेळा सोललेलीच येतात, नुसता गर, त्यामुळे कालवाचा शिंपला बाजारात मिळेल ही आशा सोडा. तो खडकावरच बघायचा.

विकत घेताना एक गोष्ट आधीच सांगावी लागते. मावशी सराईतपणे विळीवर तिसरी उघडून एकशिपी करून देतात, म्हणजे गर एका झडपेवर ठेवतात आणि दुसरी फेकतात. खाण्यासाठी ते झकास, आपल्या कामासाठी निरुपयोगी, कारण ओळख पटवायला दोन्ही झडपा लागतात. तेव्हा "मावशी, आठ-दहा अख्ख्याच राहू द्या" असं सांगा. "शिंपा काय करणार?" हा प्रश्न येणारच. खरं उत्तर दिलंत तर बहुतेक वेळा टोपलीच्या तळाशी पडलेले दोन-चार वेगळे शिंपले फुकटात हातावर पडतात, तळ्यातले, खाडीतले, खडकावरचे, आणि कुठला कुठून येतो हेही कळतं. ही माहिती लगेच टिपून ठेवा. ठाण्यात विकायला आलेली तिसरी ठाण्याच्या खाडीतलीच असेल असं नाही. रायगड-रत्नागिरीकडूनही माल येतो. मावशींना गाव माहीत असेल तर ते लिहा, नसेल तर चिठ्ठीवर सरळ "दिवाळे बाजार, मूळ ठिकाण माहीत नाही" असं लिहा.

जिवंत तिसरी ताजी आहे का हे बघायची पद्धत शिंपल्याची रचनाही शिकवून जाते. जराशी उघडी दिसली तर बोटाने टकटक करा. जिवंत असेल तर मिटते. आतले स्नायू झडपा ओढून बंद ठेवतात. बिजागरीजवळचा तपकिरी, चिवट अस्थिबंध त्यांना उघडायला बघतो. प्राणी मेला की स्नायू ढिले पडतात आणि अस्थिबंधाचा जोर उरतो, म्हणून मेलेला शिंपला आ वासून असतो आणि शिजवल्यावर तिसरी उघडते, ती याच कारणाने. टकटक करूनही न मिटणारी घेऊ नका.

दुसरी पायरी: जोडी अखंड ठेवणं

तिसऱ्या उकळत्या पाण्यात टाका, उघडल्या की लगेच काढा. गर रश्शाला द्या. आतल्या बाजूला जिथे स्नायू चिकटलेला असतो तिथला बारीक पांढरा पडदा नखाने किंवा बोथट सुरीने सोडवा, नाहीतर तो नंतर कुजून वास मारतो. आता घाई करायची ती एवढ्यासाठी: अस्थिबंध ओला आहे तोवरच झडपा मिटवा आणि सुती दोऱ्याने बांधून सावलीत सुकवा. तसंच उघडं ठेवलं तर तो सुकून कडक होतो, आणि पुढे मिटवायला गेलात की कट्कन तुटतो. काही जोड्या बांधून ठेवा, काही मुद्दाम सुट्या करा. सुट्या झडपांवर अभ्यास होतो.

तिसरी पायरी: आतून वाचणं

इथे वेळ काढा. लोक रंग आणि नक्षी बघून नाव ठरवतात, आणि तिथेच फसतात. तिसऱ्यांच्या एकाच वाट्यात पिवळसर, करड्या, तपकिरी पट्ट्यांच्या, नागमोडी रेघांच्या अशा सगळ्या सापडतील. त्या एका जातीच्या असू शकतात किंवा तीन. बाहेरची बाजू घासली जाते, उन्हाने फिकी होते, खाडीच्या काळ्या चिखलात राहून रंग बदलते. आतली बाजू तेवढी सहज बदलत नाही.

एक झडप घ्या. खिडकीशी बसा, प्रकाश तिरका पडू द्या. सर्वांत वर जे टोक वळलेलं दिसतं तिथून शिंपला वाढायला सुरुवात झाली. त्याला अम्बो म्हणतात. बालपणीचा शिंपला म्हणजे तेवढंच टोक. बहुतेक तिसऱ्यांमध्ये हे टोक पुढच्या बाजूला झुकलेलं असतं आणि अस्थिबंध टोकाच्या मागे असतो. यावरून डावी-उजवी झडप कळते. जोडी बिजागरी वर करून, पुढची बाजू तुमच्यापासून लांब जाईल अशी धरा. उजव्या हाताकडची उजवी, डाव्या हाताकडची डावी.

आता आत पाहा. दोन्ही टोकांना किंचित चकचकीत, गोलसर डाग दिसतील. झडपा ओढणारे स्नायू तिथे चिकटलेले होते. तिसरीत असे दोन जवळपास सारखे डाग असतात. कालवात एकच, साधारण मध्यावर. शिणाण्यात पुढचा डाग नसतोच, मागचा मात्र मोठा. नुसत्या डागांवरून तीन मोठे गट वेगळे करता येतात, आणि हे एकदा पाहिलं की विसरत नाही.

दोन्ही डागांना जोडणारी एक बारीक रेघ कडेला समांतर जाते. प्राण्याची कातडी, म्हणजे मॅन्टल, कवचाला तिथे चिकटलेली होती. मागच्या डागाजवळ ही रेघ आत वळून खोबण करते का ते बघा. ही खोबण म्हणजे प्राण्याच्या नळ्या आत ओढून घ्यायची जागा. शिंपला चिखलात गाडून घेतो आणि नळ्या वर काढून पाणी आत-बाहेर करतो. खोबण जितकी खोल, तितक्या नळ्या लांब, तितकं खाली राहायची सोय. ज्या शिंपल्यात रेघ सरळ जाते, खोबण नाही, तो सहसा वर-वर किंवा खडकाला चिकटून राहणारा. म्हणजे मेलेल्या, रिकाम्या झडपेवरून तो प्राणी कसा राहत होता याचा अंदाज बांधता येतो. मला या छंदात सर्वांत जास्त मजा इथे येते, आणि त्यासाठी दहा रुपयांचं भिंगही पुरतं.

शेवटी बिजागरी. तिसरीच्या गोतावळ्यात, म्हणजे व्हेनेरिडी कुळात, प्रत्येक झडपेवर अम्बोखाली तीन मुख्य दात असतात, समोरच्या झडपेतल्या खाचांत बसणारे. नखाने चाचपून बघा.

बाहेरच्या गोल रेघा मोजून वय सांगायचा मोह होईल. आवरा. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, चिखल ढवळला जातो, अशा वेळी वाढ थबकते आणि रेघ उमटते. एका वर्षात एकच रेघ असा हिशेब इथे धरता येत नाही.

आपल्याकडच्या जाती

मेरेट्रिक्स: जाड, गुळगुळीत, तिकोनी, वर चकाकी. आतली खोबण जेमतेम, रेघेला नुसतं वळण दिल्याइतकी. मार्सिया ओपिमा आणि पाफिया याही तिसऱ्याच. यांची खोबण स्पष्ट दिसते. मार्सिया फुगीर आणि गुळगुळीत, पाफिया लांबट अंडाकृती, वर समकेंद्री रेघा. जुन्या लिखाणात मार्सिया ओपिमा "कॅटेलिशिया ओपिमा" या नावाने सापडेल.

टेगिलार्का ग्रॅनोसा ओळखायला सर्वांत सोपी. जाड, फुगीर, वरून खाली जाणाऱ्या ठळक फासळ्या आणि फासळ्यांवर गाठी. फासळ्या मोजा: साधारण अठरा, थोड्या इकडे-तिकडे. तीसच्या आसपास भरल्या तर तिची चुलत भावंडं समजा. बिजागरी सरळ, आणि तिच्यावर बारीक दातांची लांबच लांब रांग, कंगव्याच्या दातांसारखी; तिसरीच्या तीन दातांशी गल्लत होणं शक्यच नाही. ही कापली तर लाल पाणी निघतं, कारण हिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. बिघडलेली नाही ती, घाबरू नका.

शिणाणे, पर्ना विरिडिस: लांबट, एका टोकाला निमुळते, कडेला हिरवी झाक. दोऱ्यासारख्या धाग्यांनी खडकाला बांधून घेतात.

खडकावरचं कालव, सॅकोस्ट्रिया कुकुलाटा: वेडंवाकडं, एक झडप खडकाला चिकटलेली, ती डावी. आतल्या कडेला बारीक दातेरी उंचवटे. ज्या जागी चिकटलं तिचा आकार घेतं, म्हणून दोन कालवं सारखी दिसायची अपेक्षाच करू नका.

काचेचा शिंपला, प्लॅकुना प्लॅसेंटा: सपाट, गोल, पातळ, प्रकाश आरपार जातो. आत बिजागरीशी इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन कंगोरे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी याच झडपा लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत २००१ साली हिचं नाव घातलं गेलं, तेव्हा दिसली तर फोटो काढा आणि जागेवर ठेवा.

राक्षसी शिंपला, ट्रायडॅक्ना, आपल्या किनाऱ्यावर नाही, लक्षद्वीप-अंदमानचा आहे. पण शोभेच्या दुकानात कोणी दाखवला तर हात लावू नका. तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, बाळगणंही गुन्हा.

चौथी पायरी: पाण्याकडे

ओहोटीची वेळ कळल्याशिवाय घर सोडू नका. कोळीवाड्यातला जुना हिशेब अजून चालतो: तिथीच्या पाऊणपट तास, ती भरतीची वेळ. तृतीयेला तिनाचे पाऊण म्हणजे सव्वादोन, तेव्हा दुपारी सव्वादोनला भरती आणि सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. खाडीत आत वेळ थोडी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं, पाणी सर्वांत मागे हटतं आणि ओहोटी सकाळी सोयीच्या वेळी येते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, तेव्हा फार काही उघडं पडत नाही. हिशेब झाला तरी भरती-ओहोटीचा तक्ता बघाच. ओहोटीची उंची एक मीटरच्या खाली असेल तर जाण्यात अर्थ. ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाणी फिरलं की निघा.

कुठे जायचं याचं उत्तर खाडीत नाही, हे आधी पटवून घ्या. ऐरोली पूल ते वाशी पूल या दरम्यानची ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, ८९६ हेक्टर खारफुटी आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला. अभयारण्यातून मेलेला शिंपलाही उचलायचा नाही. शिवाय तो चिखल मांडीपर्यंत ओढून घेतो. कोळी बांधव तिथे सहज फिरतात ते बघून आपण उतरलो तर अग्निशमन दलाला बोलवावं लागेल. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात जा, बोटीत बसा, दुर्बिणीतून बघा. चिखलावर ओहोटीला टिपणारे पक्षी काय खातायत याकडे लक्ष द्या, त्यात शिंपलेही असतात.

वेचायचंच असेल तर दोन जागा बऱ्या. एक उत्तन: २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याकडे उघड्या समुद्राचा जो थोडा किनारा उरला तो हाच. खडक आहेत, म्हणजे कालवं आणि शिणाणे. जुनी जाड तळव्याची चप्पल घाला, कालवाची कड ब्लेडसारखी कापते. दुसरी, नवी मुंबईकरांना सोयीची, उरणची पीरवाडी. जिल्हा रायगड, पण बेलापूरहून जवळ. इथे वाळू असल्याने वाहून आलेल्या रिकाम्या झडपा मिळतात. पहिल्या खेपेला एकट्याने जाऊ नका. मुंबईच्या किनाऱ्यांवर २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई ही मंडळी लोकांना ओहोटीच्या फेऱ्यांवर नेतात. अशा एखाद्या फेरीत डोळे लवकर तयार होतात.

फक्त रिकामे, आणि प्रत्येक प्रकारातले एक-दोन. दगड उलटवलात तर पुन्हा होता तसा ठेवा. शिंपल्यावर टोकाजवळ गोल, कडेने तिरकं घासलेलं भोक दिसलं तर ते माणसाने पाडलेलं नाही. नॅटिसिड कुळातला शंख शिंपल्याला कवटाळतो, आम्ल आणि खरखरीत जिभेने कवच पोखरतो आणि आतलं खातो. बाहेरून रुंद, आत निमुळतं, इतकं नेटकं भोक की माळेत ओवायला मुलं तेच शोधतात. असा शिंपला जरूर ठेवा.

आणि वेचलेलं जिवंत काही घरी नेऊन शिजवू नका. शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातलं जे काही वाईट ते त्यांच्या अंगात साठतं, जड धातूसुद्धा. खाडीच्या पूर्व काठाला ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा आहे, एवढं लक्षात घ्या.

भराव टाकून वसवलेल्या भागात पाया खणताना काळ्या मातीतून शिंपले निघतात, तेही गंमतीचे. पण चिठ्ठीवर "खोदकामातून" हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढे वाचणाऱ्याला वाटेल की सेक्टरच्या चौकात तिसऱ्या जिवंत होत्या.

पाचवी पायरी: धुणं आणि ठेवणं

साध्या पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी रोज बदलून. मीठ निघायला हवं. मऊ टूथब्रशने घासा. संडास साफ करायचं द्रावण वापरून चकचकीत करायचा सल्ला कोणीतरी देईलच. त्यात आम्ल असतं, कवच कॅल्शियम कार्बोनेटचं, फेस येतो आणि आतल्या ज्या रेघा वाचायला आपण इतका वेळ घालवला त्याच विरघळतात. ब्लीचही नको, त्याने बाहेरचा तपकिरी पापुद्रा आणि अस्थिबंध दोन्ही जातात. कडक उन्हात सुकवू नका, पातळ झडपा तडकतात.

ठेवायला प्लायवूडचं कपाट सर्वांत वाईट. लाकडातून आणि त्यातल्या डिंकातून आम्लाची वाफ निघते, आपल्या पावसाळ्यातली दमट हवा तिला साथ देते, आणि काही काळाने शिंपल्यांवर पांढरी पूड जमते, व्हिनेगरसारखा वास येतो. १८९९ मध्ये बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने याचं वर्णन केलं आणि दोष जिवाणूंवर टाकला. कारण चुकीचं निघालं, तरी "बाइनचा रोग" हे नाव टिकलं. उपाय स्वस्त आहे: झाकणाचे प्लास्टिक डबे, आत सिलिका जेलची पुडी. कापसाच्या गाद्या आणि पुठ्ठ्याचे खोकेही टाळा.

सहावी पायरी: चिठ्ठी आणि नाव

प्रत्येक शिंपल्याच्या पिशवीत कागदाचा छोटा तुकडा, पेन्सिलीने लिहिलेला. बॉलपेनची शाई पसरते. ठिकाण शक्य तितकं नेमकं, तारीख, जमीन कशी होती (खडक, वाळू, चिखल), जिवंत होता की रिकामा, आणि कोणी आणला. "उत्तन, खडकाळ किनारा, ओहोटी, रिकामी उजवी झडप" एवढं असलं तरी चालेल. बाजारातला असेल तर बाजार.

नावासाठी फोटो चार: बाहेरून, आतून, बिजागरी जवळून, आणि बाजूने फुगीरपणा कळेल असा. शेजारी पट्टी. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकताना चारही एकाच नोंदीत टाका. ॲप जे नाव सुचवेल ते लगेच स्वीकारू नका, ते बहुतेकदा बाहेरच्या नक्षीवरून बोलतं. तुम्ही वाचलेली खोबण आणि दात त्याच्याशी जुळतात का बघा. दोन पुस्तकांत एकाच शिंपल्याची दोन नावं दिसली तर वर्म्स या समुद्री जातींच्या जागतिक यादीत जुनं नाव घाला, चालू नाव समोर येतं. तिथे नावापुढे "लिनियस, १७५८" कंसात दिसेल तर समजा की त्याने जात वर्णिली, पण वंश नंतर कोणीतरी बदलला. मघाशी आलेल्या टेगिलार्का, पर्ना आणि प्लॅकुना या तिन्ही त्याच वर्षीच्या.

कुळापर्यंतच पोचलात तर चिठ्ठीवर "व्हेनेरिडी, जात ठरायची आहे" इतकंच लिहा. पेन्सिलीने लिहिलेलं आहे, नाव सापडलं की खोडून नवीन घालता येतं.